ऑनलाइन ब्रिजमधील लिलाव: स्क्रीन काय अडवते आणि काय तुमच्यावर सोडते

ब्रिज हा पत्त्यांचा खेळ असला तरी त्याचा पूर्वार्ध एकही पान न टाकता पार पडतो. प्रत्येकी तेरा पाने वाटून झाली की चारही खेळाडू आधी लिलाव करतात, आणि त्या लिलावात पैशांची नव्हे, तर हातांची बोली लागते: कोणता रंग हुकूम करायचा आणि त्या बदल्यात किती हात करून दाखवायचे. (या लेखात ‘हात’ म्हणजे चौघांनी टाकलेल्या चार पानांची एक फेरी, खेळाडूकडच्या तेरा पत्त्यांना मी सर्वत्र ‘पाने’ म्हटले आहे.) ऑनलाइन ब्रिजकडे नव्याने वळणाऱ्यांचे बहुतेक प्रश्न पाने कशी खेळावीत याविषयी नसतात. लिलाव संपला कधी, डिक्लेअरर मीच का, डबलला गुण इतके कसे वाढले, अलर्ट कोणी द्यायचा, चुकून दाबलेले बटण मागे घेता येते का, असेच ते प्रश्न असतात.

या गोंधळाचे एक मुख्य कारण आहे. प्रत्यक्ष टेबलावर जे नियम शिकवावे लागतात त्यांतले निम्मे ऑनलाइन टेबल स्वतःच पाळून घेते. पाळी नसताना बोली लावता येत नाही, आधीच्या बोलीपेक्षा खालची बोली दाबली जात नाही आणि उतारीच्या रंगाचे पान असताना दुसरे पान पडत नाही. त्यामुळे ‘जे दाबता येते ते नियमात बसते’ अशी नव्या खेळाडूची समजूत होते आणि तिथेच चूक होते. बोलीचा अर्थ प्रतिस्पर्ध्यांना प्रामाणिकपणे सांगितला की नाही, भिडूच्या थबकण्याचा फायदा घेतला की नाही, हे कोणतेही सॉफ्टवेअर तपासू शकत नाही, पण नियमपुस्तकात त्यांचे महत्त्व पाळी आणि रंग यांच्या नियमांइतकेच आहे. स्पर्धात्मक ब्रिजच्या २०१७ च्या जागतिक नियमावलीत ९३ कलमे आहेत. त्यांतली लिलावासाठी लागणारी कलमे या लेखात क्रमाने उलगडली आहेत.

बोली म्हणजे नेमके काय

चौघे खेळाडू उत्तर, पूर्व, दक्षिण आणि पश्चिम या चार जागांवर बसतात. उत्तर-दक्षिण ही एक जोडी आणि पूर्व-पश्चिम ही दुसरी. पाळी घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरते आणि वाटणारा खेळाडू, म्हणजे डीलर, पहिला बोलतो. ऑनलाइन पाने संगणकच वाटत असल्यामुळे डीलर हे केवळ ‘पहिला बोलणारा’ या अर्थाचे नाव उरते. स्क्रीनवर ते सहसा जागेच्या नावाजवळ एखाद्या खुणेने दाखवलेले असते आणि ती खूण पाहण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी.

प्रत्येक बोलीत दोन गोष्टी असतात: १ ते ७ पैकी एक आकडा आणि पाच नावांपैकी एक नाव. नावांचा चढता क्रम किलवर, चौकट, बदाम, इस्पिक आणि नो ट्रम्प, म्हणजे बिनहुकूम, असा आहे. सात आकडे आणि पाच नावे मिळून एकूण ३५ बोली होतात. आकड्यात सहा मिळवले की करायच्या हातांची संख्या मिळते, म्हणजे ‘१ बदाम’ हे सात हातांचे आश्वासन आणि ‘७ नो ट्रम्प’ हे तेराही हातांचे. हे सहा हात कोणाच्याच खात्यात जमा होत नाहीत. तेरा हातांपैकी निम्म्याहून कमी हातांचे आश्वासन देण्यात काही अर्थ नाही, म्हणून मोजणी सातापासून सुरू होते, इतकेच.

नवी बोली आधीच्या बोलीपेक्षा वरची असावी लागते. वरची म्हणजे आकड्याने मोठी, किंवा तोच आकडा ठेवून नावाच्या क्रमात पुढची. ‘१ इस्पिक’ वर ‘१ नो ट्रम्प’ चालते, पण किलवर बोलायचे असेल तर ‘२ किलवर’ असेच बोलावे लागते. बोलीखेरीज आणखी तीन गोष्टी म्हणता येतात: पास, डबल (प्रतिस्पर्ध्यांच्या बोलीवरचे गुण आणि दंड वाढवणारी घोषणा) आणि रीडबल (डबल झालेल्या जोडीने ते आणखी वाढवणे). पास म्हणजे लिलावातून बाहेर पडणे नव्हे. पास केलेला खेळाडू पुढच्या फेरीत पुन्हा बोली लावू शकतो. पैशांच्या लिलावाची सवय असलेल्यांना हे हमखास चकवते आणि ‘मी पास केला होता, मग माझ्याकडे पुन्हा पाळी का आली’ असा प्रश्न ते विचारतात.

शेवटची बोली, डबल किंवा रीडबल झाल्यानंतर लागोपाठ तीन पास आले की लिलाव संपतो. कोणीच बोली न लावता सुरुवातीलाच चार पास झाले तर तो डाव शून्य गुणांवर मिटतो. शेवटची बोली हे कॉन्ट्रॅक्ट ठरते. ज्या जोडीने ते जिंकले तिच्यापैकी त्या रंगाचे नाव पहिल्यांदा ज्याने घेतले तो डिक्लेअरर होतो. शेवटची बोली कोणी लावली याच्याशी डिक्लेअररचा संबंध नाही. डिक्लेअररच्या डावीकडचा खेळाडू पहिली उतारी करतो, त्यानंतर डिक्लेअररचा भिडू आपली पाने सर्वांसमोर मांडतो आणि डमी होतो. डमीची पाने डिक्लेअररच खेळतो.

एक लिलाव, बोलीगणिक

नियम वाचून जे कळत नाही ते एका डावात स्पष्ट होते. डाव क्रमांक ५ घेऊ. ब्रिजमध्ये डावाच्या क्रमांकावरून डीलर आणि व्हल्नरेबिलिटी दोन्ही ठरतात आणि हे चक्र १६ डावांचे असते. पाचव्या डावात उत्तर डीलर आहे आणि उत्तर-दक्षिण जोडी व्हल्नरेबल आहे, म्हणजे तिला बक्षीसही मोठे आणि दंडही मोठा. पूर्व-पश्चिम व्हल्नरेबल नाहीत.

पूर्वेकडे इस्पिकचे राजा, राणी, गुलाम, ९, ६, ५, बदामाची ४, चौकटचा एक्का, ८, ३, आणि किलवरची राणी, ९, ५ आहेत. पश्चिमेकडे इस्पिकचा एक्का, १०, ८, ३. बदामाचे ९, ६, ५. चौकटचे १०, ७, ४. आणि किलवरचे गुलाम, १०, २ आहेत. बदामाची मोठी पाने सगळी उत्तर-दक्षिणेकडे आहेत.

उत्तर ‘१ बदाम’ बोलतो. पूर्व ‘१ इस्पिक’ बोलतो. दक्षिणेकडे चार बदाम असल्यामुळे तो उडी मारून ‘३ बदाम’ म्हणतो. आता पश्चिमेची पाळी. त्याच्याकडे एक्का आणि एक गुलाम यापलीकडे काही नाही, पण भिडूने बोललेल्या इस्पिकची चार पाने आहेत आणि समोरची जोडी ४ बदाम करणार हे त्याला दिसते आहे. तो सरळ ‘४ इस्पिक’ बोलतो. उत्तर ‘डबल’ म्हणतो. पूर्व पास, दक्षिण पास, पश्चिम पास. तीन पास झाले, लिलाव संपला आणि कॉन्ट्रॅक्ट झाले ‘४ इस्पिक डबल’.

शेवटची बोली पश्चिमेची, पण इस्पिकचे नाव पहिल्यांदा पूर्वेने घेतले, म्हणून डिक्लेअरर पूर्व. त्याच्या डावीकडे दक्षिण बसला आहे, म्हणून उतारी दक्षिणेची. पश्चिम डमी. दक्षिण बदामाची दुर्री उतरतो, पश्चिमेची तेरा पाने स्क्रीनवर उघडतात आणि खेळ सुरू होतो. पूर्वेचा एक हात बदामात जातो, दोन चौकटमध्ये आणि दोन किलवरमध्ये. एकूण पाच हात गेले, आठ मिळाले, हवे होते दहा. कॉन्ट्रॅक्ट दोन हातांनी पडले.

पडले, तरी पश्चिमेची बोली उत्तम होती. व्हल्नरेबल नसलेल्या जोडीचे डबल झालेले कॉन्ट्रॅक्ट दोन हातांनी पडले की ३०० गुणांचा दंड बसतो. उत्तर-दक्षिणेला ४ बदाम खेळू दिले असते तर व्हल्नरेबल असल्यामुळे त्यांना कमीत कमी ६२० मिळाले असते. ६२० ऐवजी ३०० देऊन पूर्व-पश्चिम सुटले. हीच पाने नवव्या डावात आली असती तर चित्र उलटे झाले असते. तेथेही उत्तरच डीलर असतो, पण व्हल्नरेबल पूर्व-पश्चिम असतात. तेव्हा दोन हातांनी पडण्याचा दंड ५०० झाला असता आणि समोरच्यांचे ४ बदाम फक्त ४२० किंवा एक जादा हात धरून ४५० चे ठरले असते. ऑनलाइन स्क्रीनवर व्हल्नरेबल जोडी बहुधा लाल रंगाने दाखवतात. चार इस्पिक दाबण्याआधी पश्चिमेने पाहायची ती हीच लाल खूण.

डबल आणि रीडबल यांचे नियम

डबल फक्त प्रतिस्पर्ध्यांच्या शेवटच्या बोलीला देता येते, आणि त्या बोलीनंतर पासखेरीज काही झालेले नसावे. भिडूच्या बोलीला डबल देता येत नाही. रीडबल तेव्हाच, जेव्हा आपल्या जोडीच्या शेवटच्या बोलीला प्रतिस्पर्ध्यांनी डबल दिले असेल आणि त्यानंतर फक्त पास झाले असतील. ऑनलाइन टेबलावर ही बटणे योग्य वेळीच उजळतात, त्यामुळे येथे चूक होण्याची भीती नाही. खेळाडूच्या लक्षात राहत नाही ती पुढची गोष्ट: कोणतीही नवी बोली लागली की आधीचे डबल आणि रीडबल तत्क्षणी रद्द होते. वरच्या डावात दक्षिणेने पास न करता ‘५ बदाम’ म्हटले असते तर उत्तराचे डबल संपले असते, आणि ५ बदामाला डबल हवे असेल तर ते पूर्व-पश्चिमेला नव्याने द्यावे लागले असते.

नियमांच्या दृष्टीने डबलचा अर्थ एकच, की गुण वाढतात. व्यवहारात मात्र डबल हा जोडीतला संदेशही असतो. ‘१ बदाम’ वर लगेच दिलेले डबल बहुतेक जोड्यांत दंडासाठी नसते. ‘माझ्याकडे चांगली पाने आहेत, भिडू, तू तुझा रंग बोल’ असे ते निमंत्रण असते. वरच्या डावातले उत्तराचे डबल दंडासाठी होते. कोणते डबल कशासाठी, हे नियमपुस्तक ठरवत नाही, ते जोडीने ठरवायचे असते. अनोळखी भिडूबरोबर बसताना पहिल्या पानाआधी जे दोन-तीन प्रश्न विचारून घ्यावेत त्यांत हा प्रश्न पहिला असावा, कारण याबाबतच्या गैरसमजाची किंमत एकाच डावात शेकड्यांनी मोजावी लागते.

गुण कसे पडतात, म्हणजे बोली किती वर न्यावी हे कळते

किलवर आणि चौकट यांच्या प्रत्येक बोललेल्या हाताला २०, बदाम आणि इस्पिक यांच्या हाताला ३०, आणि नो ट्रम्पच्या पहिल्या हाताला ४० व पुढच्या प्रत्येकाला ३० गुण मिळतात. बोललेल्या हातांचे गुण १०० किंवा अधिक झाले की त्याला गेम म्हणतात. म्हणूनच ३ नो ट्रम्प, ४ बदाम, ४ इस्पिक, ५ किलवर आणि ५ चौकट या बोलींना इतके महत्त्व आहे. गेमचे बक्षीस व्हल्नरेबल नसताना ३०० आणि व्हल्नरेबल असताना ५००. गेमपेक्षा कमी कॉन्ट्रॅक्ट केले तर बक्षीस केवळ ५०. बारा हात बोलून केले तर गेमशिवाय वेगळे ५०० किंवा ७५०, आणि तेरा हात बोलून केले तर १००० किंवा १५००.

या मांडणीतला मुख्य शब्द ‘बोललेले’ हा आहे. दहा हात केले पण बोलली होती ‘२ इस्पिक’, तर गेमचे बक्षीस मिळत नाही: ६० गुण, दोन जादा हातांचे ६० आणि वरचे ५०, असे एकूण १७०. तेच दहा हात ‘४ इस्पिक’ बोलून केले तर ४२० किंवा ६२०. आधीच्या ऑक्शन ब्रिजमध्ये तसे नव्हते, तेथे न बोललेले जादा हातही गेमकडे मोजले जात. १९२५ मध्ये पनामा कालव्यातून जाणाऱ्या जहाजावरच्या एका प्रवासात हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट यांनी फक्त बोललेलेच हात गेमसाठी मोजण्याची आणि व्हल्नरेबिलिटीची पद्धत सोबत्यांसह खेळून पाहिली, आणि त्यातून आजचा कॉन्ट्रॅक्ट ब्रिज आला. माझ्या मते या खेळातली सगळी गोडी त्या एका बदलात आहे, कारण त्यामुळे आपली पाने किती मोलाची आहेत हे खेळण्याआधीच, तेही फक्त बोलींच्या भाषेत, भिडूशी ठरवावे लागते.

कॉन्ट्रॅक्ट पडले तर डबल नसताना प्रत्येक कमी हाताला ५०, व्हल्नरेबल असल्यास १००. डबल असताना व्हल्नरेबल नसलेल्या जोडीला एका हाताचे १००, दोनांचे ३००, तिनांचे ५०० आणि त्यापुढे प्रत्येक हाताला आणखी ३०० असा दंड बसतो. व्हल्नरेबल जोडीला पहिल्या हाताचे २०० आणि पुढच्या प्रत्येकाचे ३००. रीडबल असेल तर हे आकडे दुप्पट होतात.

डबल झालेले कॉन्ट्रॅक्ट पार पडले तर बोललेल्या हातांचे गुण दुप्पट होतात आणि वर ५० मिळतात. येथे एक सापळा आहे. ‘२ इस्पिक’ ला डबल दिले आणि ते झाले, तर ६० चे १२० होतात, म्हणजे १०० ओलांडले जातात आणि गेमचे बक्षीसही पदरात पडते. व्हल्नरेबल नसतानाही एकूण ४७०. ‘२ चौकट’ चे डबल मात्र ४० चे ८० करते, गेम होत नाही आणि एकूण १८० वर थांबते. खालच्या पातळीवर बदाम-इस्पिकला घाईने दिलेले डबल समोरच्यांना गेम बहाल करते, तेव्हा ते दाबण्याआधी हा हिशेब मनात करून घ्यावा.

डावाअखेर दिसणारा दुसरा आकडा तुलनेचा असतो. आपल्याच दिशेला, तीच पाने घेऊन बसलेल्या इतर जोड्यांशी आपले गुण ताडून पाहिले जातात. मॅचपॉइंट पद्धतीत फरक किती याला महत्त्व नाही, किती जोड्यांना मागे टाकले तेवढेच मोजतात, म्हणून ४२० ऐवजी ४५० करणारा एक जादा हातही निर्णायक ठरू शकतो. आयएमपी (इंटरनॅशनल मॅच पॉइंट) पद्धतीत फरकाचे एका ठरलेल्या तक्त्यावरून छोट्या आकड्यात रूपांतर होते. वरच्या डावात एका टेबलावर ३०० गेले आणि दुसऱ्या टेबलावर त्याच पानांवर ६५० गेले असतील तर ३५० चा फरक ८ आयएमपी होतो, तर ३० गुणांचा जादा हात केवळ १ आयएमपी देतो. टेबलावर बसण्याआधी कोणती पद्धत आहे ते पाहावे, कारण जादा हातासाठी कॉन्ट्रॅक्ट धोक्यात घालावे की नाही, याचे उत्तर त्यावर अवलंबून असते.

स्वतःच्या बोलीचा अर्थ स्वतः सांगणे

येथून पुढचे नियम स्क्रीन पाळून घेत नाही.

ब्रिजमध्ये अनेक बोलींचा अर्थ त्यांच्या नावापेक्षा वेगळा ठरवलेला असतो. भिडूने ‘१ नो ट्रम्प’ बोलल्यावर ‘२ चौकट’ म्हणणाऱ्याकडे चौकटचे एकही पान नसू शकते. बहुतेक जोड्यांत त्या बोलीचा अर्थ ‘माझ्याकडे पाच किंवा अधिक बदाम आहेत, तू बदाम बोल’ असा असतो. असे संकेत नियमात पूर्णपणे बसतात, अट एकच: ते गुप्त नसावेत. तुमच्या भिडूला जे माहीत आहे ते प्रतिस्पर्ध्यांनाही मिळाले पाहिजे.

प्रत्यक्ष टेबलावर बोली लावणाऱ्याचा भिडू अलर्ट देतो, म्हणजे ‘या बोलीचा अर्थ वेगळा ठरलेला आहे’ अशी सूचना देतो, आणि विचारल्यास अर्थ सांगतो. ऑनलाइन हे उलट असते: ज्याने बोली लावली तोच अलर्ट देतो आणि अर्थ टाइप करतो, आणि ते स्पष्टीकरण फक्त प्रतिस्पर्ध्यांना दिसते, भिडूला नाही. ही पद्धत अधिक न्याय्य आहे, कारण टेबलावर भिडूने दिलेले स्पष्टीकरण ऐकून आपला संकेत त्याला आठवला की नाही हे आपल्याला कळते, आणि ती माहिती मिळण्याचा आपल्याला हक्क नसतो. टेबलावरून ऑनलाइन आलेल्या खेळाडूची सवय मात्र सहज सुटत नाही. मी स्वतः सुरुवातीच्या एका स्पर्धेत ‘२ चौकट’ बोलून भिडू अलर्ट देईल म्हणून थांबलो होतो. भिडूने योग्य तेच केले, म्हणजे काहीच केले नाही. भिडूच्या डावीकडच्या खेळाडूने माझ्याकडे चौकट आहेत असे धरून उतारी निवडली आणि डाव संपल्यावर त्याने डायरेक्टरला, म्हणजे स्पर्धेच्या पंचाला, बोलावले. गुण दुरुस्त होऊन आमच्या विरुद्ध गेले आणि तो निर्णय रास्त होता.

म्हणून क्रम असा ठेवावा: बोली दाबण्याआधी अलर्टचे बटण दाबावे, त्याच्या रकान्यात अर्थ लिहावा आणि मगच बोली लावावी. बोली आधी लावून मागाहून स्पष्टीकरण लिहिले तर तोवर पुढचा खेळाडू बोलून मोकळा होऊ शकतो. ‘ट्रान्सफर’ असे संकेताचे नुसते नाव लिहिणे पुरेसे नाही, कारण वाचणाऱ्याला ते नाव माहीत असेलच असे नाही. ‘पाच किंवा अधिक बदाम, पानांची ताकद कितीही’ असे लिहावे.

सांगायचे ते जोडीचे ठरलेले, आपल्या पानांचे वर्णन नव्हे. ठरलेला अर्थ ‘पाच बदाम’ असेल आणि तुम्ही चुकून चार बदामांवर ती बोली लावली असेल तर स्पष्टीकरण पाच बदामांचेच द्यायचे. तुमची बोली चुकली, पण स्पष्टीकरण बरोबर होते, म्हणून नियमभंग झाला नाही. याउलट ठरले एक आणि सांगितले दुसरे, तर तो नियमभंग आहे आणि त्यामुळे समोरच्यांचे नुकसान झाले असेल तर गुण बदलले जातात. अनोळखी भिडूबरोबर काहीच ठरलेले नसेल तर ‘ठरलेले नाही’ हेच खरे उत्तर आहे, आपण मनात काय धरले ते सांगण्याची सक्ती नाही. आपलेच स्पष्टीकरण चुकले असे लक्षात आले तर डायरेक्टरला बोलावून ते दुरुस्त करावे, मनात ठेवू नये.

प्रतिस्पर्ध्यांची बोली समजली नाही तर त्या बोलीवरच क्लिक करून अर्थ विचारता येतो आणि तो प्रश्नही तुमच्या भिडूला दिसत नाही. संगणकाबरोबर खेळताना तर बोलीवर बोट किंवा माउस नेला की तिचा अर्थ बहुधा लगेच दिसतो. स्वतःची बोली दाबण्याआधीही तो वाचून घ्यावा, कारण संगणक तुमच्या बोलीचा अर्थ त्याच्या पद्धतीने लावणार आहे, तुमच्या मनातल्या नव्हे.

ठरलेल्या अर्थाविरुद्ध मुद्दाम बोली लावून समोरच्यांना चकवणे मात्र नियमात बसते. अट अशी की भिडूलाही तितकेच चकित व्हायला हवे. तो तुमची ही सवय ओळखून सावध होत असेल तर तो जोडीचा गुप्त संकेत झाला आणि मग ते नियमबाह्य आहे. काही आयोजक अशा बोलींवर वेगळे निर्बंध घालतात, तेव्हा स्पर्धेची सूचना आधी वाचावी.

थबकणे आणि लिलावाबाहेरची माहिती

भिडूशी संवाद फक्त बोली आणि पाने यांच्या माध्यमातून व्हावा, असा नियम आहे. बोलीला लागलेला वेळ, चॅटमधला एखादा उद्गार किंवा भिडूने विचारलेला प्रश्न यांतून कळलेली गोष्ट अनधिकृत माहिती ठरते. विचार करायला वेळ घेणे हा गुन्हा नाही. दोष लागतो तो भिडूच्या विचाराचा फायदा घेणाऱ्याला.

समजा तुमच्या भिडूने प्रतिस्पर्ध्यांच्या ‘४ इस्पिक’ वर चाळीस सेकंद थांबून पास केला. त्याच्याकडे काहीतरी होते हे तुम्हाला कळले. आता तुमच्याकडे पास आणि ‘५ बदाम’ असे दोन्ही वाजवी पर्याय असतील, तर त्या थबकण्याने ज्याकडे बोट दाखवले तो पर्याय तुम्ही निवडू शकत नाही. पास करायचा. तुमची पाने इतकी स्पष्ट असतील की तुमच्यासारखा कोणताही खेळाडू ५ बदामच बोलला असता, तर ती बोली लावायला हरकत नाही. ऑनलाइन यात एक गुंतागुंत आहे: चाळीस सेकंद भिडू विचार करत होता की त्याचे इंटरनेट अडखळले होते, हे कळत नाही. डायरेक्टर हे ध्यानात घेतो. खेळाडूने मात्र शंकेचा फायदा स्वतःला देऊ नये.

भिडूशी फोनवर किंवा संदेशातून डावाबद्दल बोलणे आणि दुसऱ्या खात्याने प्रेक्षक म्हणून शिरून चौघांचीही पाने पाहणे ही सरळ फसवणूक आहे. ती उघडकीस येते, कारण प्रत्येक बोली आणि प्रत्येक पान सर्व्हरवर नोंदलेले राहते.

चुकून दाबलेले बटण

नियमावली येथे मनातला बदल आणि बोटाची चूक यांत भेद करते. ‘१ इस्पिक’ दाबायचे होते आणि शेजारचे ‘१ नो ट्रम्प’ दाबले गेले, हे लगेच, विचार न करता लक्षात आले आणि भिडू अजून बोललेला नाही, तर टेबलावरचा नियम दुरुस्तीची मुभा देतो. दाबल्यावर ‘अरे, पास बरा होता’ असे वाटले तर ती मुभा नाही. ऑनलाइन मागे घेण्याचे बटण असेल की नाही हे आयोजक ठरवतो. अनेक स्पर्धांत ते बंदच ठेवतात आणि दाबले ते कायम धरतात. सरावाच्या टेबलावर ते चालू असते आणि प्रतिस्पर्ध्यांची संमती लागते. समोरच्याने बोटाची खरी चूक केली असेल तर संमती द्यावी. उपाय साधा आहे: मोबाइलवर खेळत असाल तर सेटिंग्जमध्ये बोलीच्या पुष्टीचा पर्याय सुरू करावा, म्हणजे प्रत्येक बोलीला दोनदा दाबावे लागते.

क्लेम

उरलेले हात कोणाचे हे स्पष्ट झाल्यावर डिक्लेअरर क्लेम करून डाव लवकर मिटवू शकतो. ऑनलाइन क्लेममध्ये आकडा द्यावा लागतो, डिक्लेअररची पाने प्रतिस्पर्ध्यांना दिसतात आणि त्यांनी मान्य केले की डाव संपतो. आकड्यासोबत एक ओळ लिहावी: ‘आधी उरलेला हुकूम काढतो, मग चौकटचे तीन हात.’ बाहेर प्रतिस्पर्ध्याकडे एक हुकूम शिल्लक आहे हे क्लेममध्ये सांगितले नसेल, तुम्ही तो विसरला असण्याची शक्यता असेल आणि साध्या, वाजवी खेळातही तो हुकूम एक हात मारू शकत असेल, तर तो हात प्रतिस्पर्ध्यांना दिला जातो.

बचाव करणाऱ्यांनी मान्य करण्याआधी स्वतः मोजून पाहावे. घाईत ‘मान्य’ दाबून घालवलेला हात परत मिळवण्यासाठी डायरेक्टरकडे जावे लागते आणि मान्यता मागे घेण्याची मुदत व अटी ठरलेल्या असतात. क्लेम अमान्य केला तर ऑनलाइन सहसा डाव पुढे चालू राहतो, आणि आता डिक्लेअररची पाने बचाव करणाऱ्यांना उघड दिसत असतात. अमान्य करण्यात कोणाचा अपमान नाही. कोणत्या हाताबद्दल शंका आहे ते चॅटमध्ये लिहिले की पुष्कळदा डिक्लेअरर दुरुस्त आकड्याने पुन्हा क्लेम करतो. तसे न झाले तर डायरेक्टरला बोलावण्याचे बटण दाबावे, डावाचा क्रमांक आणि शंका एका वाक्यात लिहावी आणि उत्तर येईपर्यंत प्रतिस्पर्ध्यांशी वाद घालू नये.